पातं माझं, सुरी सगुणेची

मी, भागोजी बिन रावजी लोहार, वय सत्तरीच्या पुढे, धंदा लोहारकाम, राहणार बोर्ली पंचतन, तालुका श्रीवर्धन, संस्थान जंजिरा, माझ्या ओटीवर बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि हरेश्वर कारकून ते लिहून घेत आहेत. माझे हात कापतात म्हणून घण सुटला, डोके मात्र ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही. असा कागद मी यापूर्वी केलेला नाही आणि पुन्हा करीन असे वाटत नाही.

कलम १. वडिलोपार्जित घराची वाटणी माझ्या धाकट्या भावाच्या हयातीतच झाली. त्याच्या हिश्श्यात त्याचा मुलगा दादू राहतो. माझा हिस्सा माझ्यामागे माझा मुलगा दत्तात्रेय याचा. दत्तात्रेय मुंबईस परळला रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. अट एकच. माझी थोरली सून सगुणा, माझा कैलासवासी मुलगा सदू याची विधवा, हिला त्या घरातून हयातभर कोणी ऊठ म्हणू नये.

कलम २. बाजाराच्या वाटेवरची भट्टी, तिची शाकारलेली पडवी आणि खालची जमीन ही मी स्वतःच्या कमाईने घेतली आहे. तीत भावकीचा हिस्सा नाही. ती सर्व, भाता, ऐरण, सांडशी, घण, सहाणा व कुरुंदाचे दगड यांसह, मी सगुणेस देत आहे. तिने ती चालवावी, विकावी, कोणास द्यावी, तिची मर्जी. तिच्यामागे ती कोणाची, हेही तीच ठरवील.

हरेश्वर म्हणतात, मृत्युपत्रात कारणे द्यायची गरज नसते. मी म्हणालो, कारणे नसली तर उद्या भावकी म्हणेल म्हातारा भ्रमला होता. तेव्हा लिहा.

आमच्याकडे रानात जाणारा माणूस पाठीमागे कोयता अडकवतो आणि पुढे कमरेला वीतभर सुरी ठेवतो. कोयत्याने झाड तोडायचे, बाकी सगळे सुरीने. वेल कापायची, काठी तासायची, काटा काढायचा, सोलायचे, चिरायचे. त्या सुऱ्यांवर आमचे घर चालले. पाते मी घडवीत असे. जुन्या कानशीचे पोलाद तापवून ठोकायचे, त्याला पाणी द्यायचे, म्हणजे तापलेले बुडवून कडक करायचे, की माझे काम संपले. पण त्या वेळी ती सुरी नसते. काळा, खडबडीत लोखंडाचा तुकडा असतो. त्याला घासणे, धार देणे, मूठ बसवणे हे पूर्वी सदू करी आणि सगुणा त्याच्या शेजारी बसून सहाणेवर पाणी सोडी. सगुणा उरणच्या लोहाराची लेक, मिठागरांची अवजारे करणाऱ्या घरातली. सदू एका पावसाळ्यात तापाने गेला. मूलबाळ नव्हते. तेरावे झाल्यावर माझी बायको आवडाबाई, जी आता नाही, ती मला म्हणाली, "पोर सहाणेपाशी जाऊन बसलीय. उठवू नका." मी उठवले नाही.

तिने काय केले ते सांगतो. आधी कानशीने पात्याचे खवले काढी. मग जाड सहाण, मग बारीक, मग कुरुंदाचा दगड आणि शेवटी चामड्याची पट्टी. घासताना पाते तापले तर थांबे, तापलेल्या पात्याचे पाणी उतरते म्हणून. हे तिला मी शिकवलेले नाही. धार बघायला ती नखावर टेकवत नसे. उजेडाकडे धरून बघे. धारेवर कुठे उजेड चमकला तर तिथे ती बोथट, पुन्हा दगडावर. आणि मूठ. गिऱ्हाईक आले की आवडाबाई त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा देई. "आवळ," म्हणे, "लाकूड तासताना धरतोस तशी." तो गोळा उन्हात वाळवून सगुणा समोर ठेवी आणि त्यावर बघून शिवणीचे नाहीतर खैराचे लाकूड कोरी. पात्याची शेपटी आत घालून राळ ओती. मग खरवतीच्या खरखरीत पानांनी घासून वर उंडीचे तेल मुरवी. चकाकी मात्र येऊ देत नसे.

माझा पुतण्या दादूही तेव्हा भट्टीवर होता. तो मुठींना लाखेचा तांबडा रंग देई. बाजाराच्या दिवशी त्याच्याच सुऱ्या आधी उचलल्या जात. तो हसे. सगुणा मला म्हणे, "चकचकीत मूठ घामात फिरते, मामंजी. माणसाचा हात कापतो." ते ऐकूनही दादू हसतच राही.

म्हसळ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला दयाराम कुणबी आमच्याकडे आला. त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटे गाडीच्या चाकात गेलेली. कुठलीही सुरी त्या हातात ठरत नसे. त्याने माती आवळली ती तीन बोटांनी. सगुणेने त्या गोळ्याकडे बराच वेळ पाहिले आणि मग अशी मूठ कोरली की बोटे नाहीत ती जागा लाकडाने भरून निघाली, अंगठ्याला टेकायला खाच ठेवली. दादू म्हणाला, "ही मूठ हाय का बटाटा?" दयारामाने ती हातात धरली, वळवली आणि कमरेला लावली.

पुढच्या वर्षी भातकापणीनंतर तो एकटा रानात ऐन तोडायला गेला. झाड पडताना आडवे फिरले. एका फांदीखाली त्याचा पाय घोट्यापाशी दगडावर दाबला गेला. डावा हात मुरगळून अंगाखाली. कोयता हातातून उडून उतारावर खाली. ओरडून कोणी ऐकेल असे माणूस जवळपास नव्हते. राहिली ती कमरेची सुरी आणि तीन बोटांचा हात. ऐन म्हणजे काय लाकूड ते ज्याने तोडले आहे त्याला ठाऊक. दयाराम सकाळभर, दुपारभर ती फांदी सुरीने तासत बसला. हाताची सालपटे निघाली, मूठ रक्ताने भिजली. दिवस कलता कलता फांदी पिचली आणि पाय सुटला. सरपटत तो गाडीवाटेला लागला, तिथे त्याला गावच्या माणसांनी उचलले.

पाय बरा झाल्यावर काठी टेकत तो भट्टीवर आला. सुरी माझ्यापुढे ठेवली. धार थोडी झडली होती, पाते वाकले नव्हते. मी म्हणालो, "पोलाद चांगलं लागलं होतं रे त्या वेळी."

"पात्याचं न्हाय बोलत मी, भागोजीबाबा," तो म्हणाला. "पातं चांगलंच हाय. पन रगतानं हात निसटला असता तर पात्याचं काय करतो मी? एकदा पन न्हाय फिरली. ही मूठ कोणी केली?"

मी आत बोट दाखवले. सगुणा सहाणेपाशी पाठमोरी होती. दयाराम पडवीच्या दाराशी गेला, काठी भिंतीला टेकवली आणि तिच्या पाठीला हात जोडून उभा राहिला. तिने वळून बघितले नाही. पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "सुरी ठिवून जावा. धार लावून देते." एवढेच.

ही गोष्ट रानातून रानात गेली. कोळसे पाडणारे, सुपारीच्या बागांतले पाडेकरी, मुरुडपर्यंतची माणसे येऊन माती आवळू लागली. दादूच्या तांबड्या मुठी खपेनात. तेव्हा त्याने जातीच्या पंचांकडे गाऱ्हाणे नेले, की विधवा सून परक्या पुरुषांच्या हाताची मापे घेते, घराण्याची अब्रू जाते.

पंच माझ्या ओटीवर बसले. मी आतून एक पाते आणले, नुकते पाणी दिलेले, बिनमुठीचे, आणि मुख्य पंचाच्या हातात दिले. म्हणालो, "हे माझं काम. चाळीस गावांत माझं नाव झालं ते ह्याच्यावर. जरा ह्या विड्याच्या पानांची देठं कापून द्या सगळ्यांना."

ते म्हणाले, "ह्याला धरू कुठं? आनि धार कुठं हाय?"

मी म्हणालो, "ते सगुणा करते. तिला उठवायचं तर मलाही उठवा. आमच्या दोघांची मिळून एक सुरी होते."

 पाते हातोहात फिरून परत माझ्याकडे आले. मुख्य पंच म्हणाले, सून आत बसूनच काम करील तर हरकत नाही. मी बरे म्हणालो. दुसऱ्या दिवशी दगड बाहेरच्या दाराशी मांडला, उजेड तिथे चांगला येतो म्हणून. त्यावर परत कोणी बोलायला आले नाही. त्यांच्यातल्या दोघांच्या घरी आज तिच्याच सुऱ्या आहेत.

कलम ३. दत्तात्रेय यास या वाटणीचे वाईट वाटेल असे मला भय होते. गणपतीला तो आला तेव्हा विचारले. तो म्हणाला, "बा, कारखान्यात विलायती हत्यारं रोज हातात असतात. पन डबा खाताना वयनीच्या हातची माझी सुरी बाहेर काढली की मिस्त्रीसुद्धा मागून घेतो. भट्टी वयनीलाच द्या. मी घेऊन काय, टाळं लावू?" मुलाचे हे शब्द मी मुद्दाम लिहवून ठेवतो. असा मुलगा झाल्याचा मला अभिमान आहे.

कलम ४. पुतण्या दादू. त्याने मला पंचांपुढे बसवले ते मी विसरलेलो नाही आणि मरतानाही विसरणार नाही. पण खरे ते खरे. ठोकणीत त्याचा हात माझ्या उमेदीतल्या हातापेक्षा बरा आहे. पाते त्याच्यासारखे सरळ या तालुक्यात कोणी ओढत नाही. म्हणून माझ्या आज्याचा लहान हातोडा त्याचा. त्याने सगुणेच्या भट्टीवर पाती घडवावीत, अशी माझी इच्छा आहे. सक्ती नाही. घडवली तर मुठीचा आणि धारेचा शब्द तिचा राहील. पाते पसंत नसेल तर ती परत करील आणि त्याने रागावू नये. मलाही तिने अनेकदा परत केले आहे.

कलम ५. गाठीला थोडेफार आहे त्यातून माझे क्रियाकर्म करावे. गावजेवण घालू नये. उरेल त्याचे खैराचे सुके लाकूड घेऊन पडवीत रचावे.

कलम ६. मी जाईन त्या दिवशीही भट्टी बंद ठेवू नये, असे मी म्हणालो होतो. सगुणा म्हणाली, "त्या दिवशी मी सहाणेला हात लावनार न्हाय. तुमचं ऐकनार न्हाय." तेव्हा हे कलम रद्द समजावे.

वर लिहिलेले मला वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणे आहे.

ठिकाण बोर्ली पंचतन. कार्तिक वद्य पंचमी, शके १८५७, सन १९३५.

भागोजी बिन रावजी लोहार. निशाणी हातोडा.

साक्ष: दयाराम बिन गोविंद, कुणबी, राहणार म्हसळ्यानजीक. निशाणी कोयता.

साक्ष: शिवदास केशव, दुकानदार, बोर्ली पंचतन. सही.

लिहिणार हरेश्वर कारकून याचा शेरा: भट्टी स्वीकारल्याबद्दल सगुणाबाईची निशाणी घ्यावी, असे भागोजींनी सांगितल्यावरून मी रिवाजाप्रमाणे बायकांची निशाणी म्हणून कागदावर बांगडी काढली व तिला बोट टेकवण्यास सांगितले. ती म्हणाली, "माझ्या हातात बांगडी कुठं हाय? पुसा ती. मी काढते." मी बांगडी खोडली. तिने माझ्याकडून बोरू घेतला, तो कसा धरायचा ते दोनदा बोटांत फिरवून पाहिले आणि सावकाश काढले. आधी मूठ, मग पाते.

सगुणाबाई कोम सदू लोहार. निशाणी सुरी. स्वतःच्या हातची.