सूर्य बुडेपर्यंत

रॉचेस्टर, न्यूयॉर्क
९ जुलै १९७१

प्रिय विनीताई,
स. न. वि. वि.

मी सुखरूप घरी पोचलो, हे तुझ्या लाडक्या बचावदलाने कळवलंच असेल. अगं, एकला पोचायचा माणूस चारपर्यंत तुझ्याकडे आला नाही म्हणून लगेच त्यांना फोन करायचा? आपल्या दोन किनाऱ्यांमधल्या सरोवराच्या मध्यावर मासे गळाला लागत होते, ते सोडून तुझ्या ब्लूबेरी केकसाठी धावत येऊ? तर भोंगा वाजवत यांची बोट हजर! अधिकाऱ्याने माझी तरंगायची जॅकेटं मोजली आणि वरात काढल्यासारखं मला तुमच्या धक्क्यावर आणून सोडलं. बातमी आमच्या बोट क्लबात माझ्याआधी पोचली. परवा माझ्या बोटीच्या नाकाला कुणीतरी लहान मुलाचं लाळेरं बांधून ठेवलं होतं. सहासष्टाव्या वर्षी हे ऐकून घ्यायचं!

निघण्याची आणि पोचण्याची वेळ किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून ठेवायची, हा नियम मला मान्य आहे. पण ती कुणीतरी म्हणजे तू, इथेच घोडं अडतं. येत्या चौदा ऑगस्टला, शनिवारी, तुझ्या पडवीला रंग द्यायला येतोय. सहाला निघेन, एकला पोचेन. उशीर झाला तर सूर्य बुडेपर्यंत कुणालाही फोन करायचा नाही. बचावदलाला नाही आणि मॅक्सीनलाही नाही. गेल्या वेळी तुझ्या फोनने माझ्या बिचाऱ्या बायकोचा रक्तदाब वाढला. शब्द दे, नाहीतर मी येतच नाही.

धाकट्यावर लोभ आहेच, तो जरा आवरून असावा.
तुझा,
लोवेल

कोबर्ग, ऑन्टॅरिओ
१६ जुलै १९७१

प्रिय लोवेल,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

लाळेरं बांधणाऱ्याचा पत्ता पाठव, त्याला केक पाठवते.

तुला गंमत वाटते. इथे धक्क्यावर उभं राहून बघ एकदा. तू पिवळा बावटा चढवून, धक्क्यावरच्या फोनवरून कस्टमला वर्दी देईपर्यंत तू कॅनडात आलास असं सरकार मानत नाही, आणि मीही मानत नाही. तोवर मी धक्का सोडत नाही. तुझा तो रेडिओ तर मध्यावर गेलं की मुका होतो.

पण तू येणार नाहीस हे ऐकवत नाही. माझा नवरा गेल्यापासून या घरात मोठ्याने हसणारं तू सोडून कोण येतं? तेव्हा दिला शब्द. सूर्य बुडेपर्यंत फोनला हात लावणार नाही. फक्त जॅकेट अंगात घाल, बाकाखाली नको.

मॅक्सीनला प्रेम. तुझ्यावरचा लोभ आवरता येण्यातला नाही.
तुझी,
विनी

रॉचेस्टर
२७ ऑगस्ट १९७१

प्रिय विनीताई,
स. न. वि. वि.

तुम्ही लोवेलच्या दफनाला आलात, माझा हात धरून बसलात आणि परत गेलात.

आता चौकशीचे कागद आले आहेत. बोट कलंडली नव्हती. बोटीच्या पंख्यात दोर अडकला होता, तो काढायला वाकला असताना हा पाण्यात पडला असावा आणि बोट वाऱ्याने दूर गेली. जॅकेट अंगात होतं. तुमच्या किनाऱ्यापासून जेमतेम सहा मैल. डॉक्टर म्हणतात, तो लगेच गेला नाही. पाणी फार गार नव्हतं. संध्याकाळी सहा-सातपर्यंत तरी त्याच्यात जीव होता.

मी त्या दिवशी घेवडा बरण्यांत भरत होते. दोन वाजले, तीन वाजले. मी अगदी निश्चिंत होते. मनात म्हटलं, विनीताईंचा फोन नाही, म्हणजे हा पोचला आणि केक खात बसला. गेल्या वेळी तुम्ही केवढ्या घाईने फोन केला होता. शेजारीण विचारायला आली तर तिलाही हसून तेच सांगितलं.

दोष देत नाही. पण रात्री झोप लागत नाही म्हणून विचारते. या वेळी तुम्ही बचावदलाला फोन केव्हा केलात?

तुमची,
मॅक्सीन

कोबर्ग
३ सप्टेंबर १९७१

प्रिय मॅक्सीन,

तू विचारलंस ते बरं झालं. दफनाच्या वेळी मी तेच सांगायला आले होते. ते न सांगताच परतले.

लोवेलने माझ्याकडून शब्द घेतला होता. सूर्य बुडेपर्यंत कुणालाही फोन करायचा नाही, तुलाही नाही. त्याच्यावर रागावू नकोस. त्याने मागितला, पण पाळला मी.

एकपासून मी धक्क्यावरच्या बाकावर होते. अडीचला पिवळा बावटा दिसला, मी उठून धावले. दुसऱ्याच कुणाची तरी बोट होती. लोवेल वर्दी द्यायचा ती फोनची पेटी माझ्यापासून दहा पावलांवर. चारला उठून आत गेले, नाणं टाकलं आणि परत काढून घेतलं. क्लबातले हसतील, तो पुन्हा येणार नाही, हेच डोक्यात. सहाला मला कळलं होतं, मॅक्सीन. बहिणीला कळतं. तरी मी बत्तीघराच्या भिंतीवरचं ऊन बघत बसले. ते वर वर सरकत गेलं. शेवटी टोकावर बोटभर उरलं होतं, तेवढंसुद्धा जाऊ दिलं. मग नंबर फिरवला. साडेआठ झाले होते.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. ते लिहायला माझा हात होत नाही.

विनी