बत्तीस खाटा, एकच माप

मंगळवार, ११ तारीख
पुरुष वॉर्ड, खाट नंबर अकरा

चि. बारक्यास,

दादाचे आशीर्वाद. नऊ वर्षांनी माझं पत्र आलेलं बघून कुणीतरी गेलं असं समजू नकोस. सगळे आहेत. अक्षर वेडंवाकडं दिसतंय, कारण छातीवर वही ठेवून उताणा पडून लिहितोय. माझी थोरली लेक मजेत आहे. तिची मुलगी हसताना नाक फेंदारते, अगदी तुझ्यासारखं. कुठून उचललं कुणास ठाऊक, तुला तर तिनं पाहिलेलंही नाही.

तीन आठवड्यांपूर्वी दुकानात स्टुलावरून पडलो. वरच्या फळीवरून अस्तराचं कापड काढायला चढलो होतो. वय झालं हे सगळ्यांना कळतं, गुडघ्यांनाही कळतं, फक्त आपल्याला कळत नाही. खुब्याचं हाड मोडलं. रक्तातली साखर उतरेपर्यंत ऑपरेशन नाही म्हणाले, तोवर पायाला वजन लटकवून पाठीवर पडायचं. कूस बदलायची नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. हे थोरलीला सांगता येत नाही, मित्रांना सांगितलं तर हसतील. लहानपणी एका अंथरुणात झोपलेल्या माणसालाच सांगण्यासारखं आहे, म्हणून तुला.

पाठीवर खिळलेल्या माणसानं लघवीचं काय करायचं? घंटी दाबायची आणि मामांची वाट बघायची. इथे वॉर्डातल्या मदतनिसाला सगळे मामा म्हणतात. मामा भांडं घेऊन येईपर्यंत माझा बांध फुटलेला. दोनदा गादी भिजली, तेव्हा मला ती बाहेरची पिशवी लावली. आत नळी घालत नाहीत. पातळ रबराचं मोज्यासारखं आवरण वरून चढवायचं, त्याच्या टोकाला नळी, नळीला पिशवी, पिशवी खाटेच्या दांड्याला. कल्पना झकास आहे. ज्याला सुचली त्याचं भलं होवो.

पण बारक्या, माप? मी अठ्ठेचाळीस वर्षं माणसांची मापं घेतली. जुळ्या भावांचे खांदे सारखे नसतात. एकाच माणसाचा डावा हात उजव्यापेक्षा अर्धं बोट लांब निघतो. आणि इथे बत्तीस खाटांना एकच माप! उंच, बुटका, विशीतला, ऐंशीतला, सगळ्यांना त्याच डब्यातलं. माझं सैल व्हायचं. दोन तासांत निसटायचं आणि मी पुन्हा ओला.

"आजोबा, तुम्ही हलता फार," मामा म्हणाले.

"पायाला पाच किलो बांधलेत. मी काय इथे नाचतोय?"

त्यावर त्यांचा उपाय काय, तर वरून चिकटपट्टीचे वेढे. पार्सल बांधतात तसे! काढताना केसांसकट ओरबाडून निघते. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, इथे माझं झाकायला कुणी तयार नाही, सकाळी चार जण येऊन चादर उचलून बघून जातात आणि जाताना परत टाकायची विसरतात.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी बोललो. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "हे छोटे प्रश्न सिस्टरना सांगत जा." छोटा प्रश्न! यांना एक दिवस ओल्या विजारीत बसवून रुग्ण तपासायला लावा, मग विचारा छोटा की मोठा.

रविवारी थोरली आणि जावईबापू आले नेमके मी ओला असताना. मी म्हटलं, पाणी सांडलं. थोरलीनं चादर बदलून घेतली. जावईबापू दारातच थांबले. रुमाल नाकाला लावला नव्हता, पण हातात होता. तसं दारात उभं राहणारं माणूस मला चांगलं ओळखता येतं. ते असो.

मागचं काही या पत्रात काढायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय. वाचलंस तर बरं. नाही वाचलंस तरी तुला बोल लावायला मी कोण?

दादा


सोमवार, १७ तारीख

बारक्या,

तुझं उत्तर नाही. मी ते धरूनही चाललो नव्हतो. पण शुक्रवारी इथे जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं ठिकाणावर येणार नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर एक पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. झटका येऊन उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं ठसठशीत अक्षरांत लिहिणारा माणूस, आणि आता स्वतःचं नाव सांगता येत नाही. त्यालाही तीच पिशवी. गुरुवारपासून तो डाव्या हाताने ती नळी ओढत होता. मामांनी दोनदा पुन्हा बसवली, दर वेळी पट्टी आणखी आवळून. तिसऱ्यांदा त्यानं ओढली तेव्हा त्यांनी पट्टीच्या कापडानं त्याचा डावा हात खाटेच्या दांड्याला बांधून टाकला.

"खोड्या करतो," मामा मला म्हणाले.

साठ वर्षांचा माणूस खोड्या करतो!

शुक्रवारी सकाळी त्याचा चेहरा बघितला. घामानं थबथबलेला. तोंडातून आवाज येत नव्हता, नुसता श्वास जोरात. बांधलेल्या हाताची बोटं उघडत-मिटत होती. मी घंटी दाबली. पुन्हा दाबली. एक शिकाऊ सिस्टर लांबूनच म्हणाली, "आजोबा, तुमचं नीट आहे ना? मग झालं तर." म्हणजे शेजारचा मेला तरी मी आपल्या पिशवीकडे बघून समाधान मानायचं!

मला उठता येत नव्हतं. हाताशी स्टीलचा पेला होता. तो घेऊन मी खाटेचा दांडा बडवायला लागलो. आपल्या दुकानाचं शटर अडकलं की मी हातोडी मारायचो ना, तसा. अख्खा वॉर्ड जागच्या जागी थांबला. "चादर उचला!" मी ओरडत होतो. "अकराची नाही, बाराची! त्याची चादर उचला!"

मोठ्या सिस्टर धावत आल्या. आधी माझ्यावरच कडाडल्या, "हा काय तमाशा लावलाय?"

"तमाशा तिकडे आहे. चादर उचलून बघा. मग मला हवी ती शिक्षा द्या."

त्यांनी उचलली. मला पडल्या पडल्या सगळं दिसलं नाही, पण त्यांचा चेहरा दिसला. नंतर कळलं, चिकटपट्टी गोल आवळलेली, आणि तिच्या पुढचा भाग सुजून जांभळा पडलेला. कात्री मागवली. माझ्या आयुष्यात मी इतकी कात्री चालवली, पण इतक्या जपून कुणी चालवताना बघितलं नाही. पट्टी सुटली तसा तो पेंटर रडला. आवाज नाही, नुसतं पाणी. मग सिस्टरनी त्याचा हात सोडला. सोडताना म्हणाल्या, "चुकलं हो आमचं." मनगटावर लाल वळ होता.

डॉक्टर या वेळी कागद न बघता आले. आणखी थोडा वेळ गेला असता तर कापायची पाळी आली असती, असं ते सिस्टरना हळूच म्हणाले. माझे कान शाबूत आहेत.

पुढचं ऐक, म्हणजे माझा संताप का शमत नाही ते कळेल. मोठ्या सिस्टरनी स्वतः जाऊन कोठीचं कपाट उघडलं. आत पाच मापांचे डबे! मधल्या मापाचा सोडून बाकी सील न तोडलेले. आणि प्रत्येक डब्यात एक कागदी पट्टी, वेगवेगळ्या भोकांची, माप घेण्यासाठी. सोबत कागदावर चित्रं काढून लिहिलेलं: मापाचंच लावा, टोकाशी जागा सोडा, साधी चिकटपट्टी गोल गुंडाळू नका, रोज काढा, धुवा, कोरडं करा, कातडी बघा. सगळं डब्यात होतं, बारक्या. तो कागद कुणी उलगडून बघितला नव्हता. मधल्या मापाचा डबा पुढे होता म्हणून तोच बत्तीस जणांना!

मामांना सिस्टर वाट्टेल ते बोलल्या. मीही दोन शब्द राखून ठेवले होते. पण दुपारी ते माझ्या खाटेपाशी आले आणि खाली मान घालून म्हणाले, "आजोबा, पुसायला, उचलायला, भांडी द्यायला बत्तीस जणांना मी एकटा. मला हे लावायला कुणी शिकवलंच नाही. आधीचे मामा पट्टी लावायचे, म्हणून मी लावली." मग म्हणाले, "त्यांना इतकं दुखत असेल असं वाटलंच नाही हो. नुसतं वाटायचं, ओले राहू नयेत."

ओले राहू नयेत.

हे ऐकल्यापासून मी तुझ्याशी बोलतोय मनातल्या मनात. आता ठरवलेलं मोडतो आणि लिहितो.

बाबा तुझ्याकडे साडेआठ महिने अंथरुणाला होते. दिवसातून सहा-सात वेळा तू त्यांना पुसायचास. कामधंदा सांभाळून. मी रविवारी फळं घेऊन यायचो आणि दारात उभा राहायचो. खिडकी उघड, चादर बदल, पावडर लाव. उंटावरून शेळ्या हाकायच्या. एकदा तू न्हाणीघरात दाढी करत होतास आणि बाबा मला म्हणाले, "थोडं बघतोस का रे? ओलं झालंय." मी काय केलं? दारातून हाक मारली, "बारक्या, बाबांना बघ!" तू अर्ध्या गालाला फेस लावून धावत आलास. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे तोंड केलं. तू त्यांची कूस वळवलीस आणि कामाला लागलास.

आणि ते गेले त्या दिवशी, आत्या, मोठे काका, सगळे बसलेले असताना, त्यांच्या पाठीवरची जखम मी बघितली आणि म्हणालो, "बारक्यानं बापाला ओल्यात ठेवलं."

हेच शब्द होते. मी विसरलो असेन असं तुला वाटत असेल. एक अक्षर विसरलेलो नाही.

माणसाला कोरडं ठेवणं म्हणजे काय असतं ते मला आता कळलंय. चार आठवड्यांत, इतक्या माणसांच्या वॉर्डात, डब्यात सगळं हजर असताना जमत नाही. तुझ्याकडे काय होतं? जुनी धोतरं आणि दोन हात. त्या मामांवर मी चिडलो, डॉक्टरांवर चिडलो, ते खरंच होतं आणि अजूनही आहे. तक्रार मी लिहून दिली आहे, खाली पेंटरच्या बायकोची सही आहे आणि, विश्वास ठेव किंवा नको, मोठ्या सिस्टरचीही. पण सगळ्यात जास्त ज्याचा राग यायला हवा होता तो माणूस नऊ वर्षं दुकानात बसून दुसऱ्यांना मापं सांगत होता.

पेंटरची सूज उतरली आहे. जखम भरतेय. त्याच्या बायकोनं त्या कागदी पट्टीनं माप घ्यायला शिकून घेतलं, आता ती मामांना शिकवते. मलाही माझ्या मापाचं मिळालंय. शनिवारपासून कोरडा आहे. इतकी साधी गोष्ट, आणि आनंद असा की कुणी विचारलं तर सांगायची लाज वाटावी.

गुरुवारी ऑपरेशन. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी चार ते सहा या भेटायच्या वेळात, आत्या आणि मोठे काका मला बघायला येणार आहेत. त्या दिवशी ऐकणारे तेच होते, म्हणून त्यांच्याच देखत बोलणार आहे. जे बोललो ते खोटं होतं, आणि बाबांना ओल्यात कुणी ठेवलं असेल तर मी ठेवलं, हे. तू आलास तर तुझ्यासमोर, नाही आलास तर तुझ्या माघारी. थोरली हे पत्र स्वतः आणून देईल. तिला आत बोलाव, दारात उभी ठेवू नकोस.

बाबांना एकदाही न पुसलेला,
तुझा दादा