पलंगाशेजारचं पिवळं टेबल

तांडापेठ, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणाली,

अनेक आशीर्वाद. मी मजेत आहे, तुम्हीही सारे खुशाल असालच. थंडी सरत आली, गल्लीत संत्र्यांचे ठेले ओरडू लागले.

बातमी अशी की, मी घरी एक छोटं टेबल केलं. पलंगाशेजारी ठेवायचं. तुझ्या आजोबांचा माग मोडून माळ्यावर पडला होता ना, त्याच्याच लाकडाचे पाय. करवत ओढताना हात दमले की शाळेत घोकलेली भुजंगप्रयातातली कविता म्हणायचो. एका चरणाला चार ओढी, चरण संपला की दम. लहानपणी तू विचारायचीस, "बाबा, तुम्ही कविता म्हणून राहिले की भांडून राहिले?" तसाच आवाज निघाला असेल.

रंग निळा द्यायचा होता, माझ्या शाळेच्या दारांना होता तसा. एक हात मारून झाला आणि शेजारची सरिता दारात येऊन हसायला लागली.

"काकाजी, हे काय करून राहिले? हा तर हिरवा हाय!"

"मले हिरवाच पाहिजे होता वं."

"काल तर निळा निळा करत होते. मले काहून बनवता?"

मग तिचं हसणं थांबलं. माझ्याकडे बघत उभी असावी.

परवा फोनवर तू विचारलंस, नीट दिसतं ना, आणि मी तुला अख्खी कविता ऐकवली. नीट दिसत नाही, प्रणाली. मधोमध धुकं असतं, कडेकडेनं दिसतं. भिंतीवरचा तुझा फोटो बघायचा तर शेजारच्या कॅलेंडरकडे बघावं लागतं. गेलेलं परत येणार नाही, औषधानं फार तर आहे तेवढं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. आणि मागे पाय भाजला तो, तुला सांगितलं तसा, पुऱ्यांच्या तेलानं नाही. चहाचा कप मी स्टुलावर ठेवला असं मला वाटलं. तिथे स्टूल नव्हतं.

म्हणून हे टेबल. पलंगावरून हात सोडला की पंजा बरोबर त्यावर पडतो. चारही कडांना बोटभर उंच पट्टी मारली आहे, कप घसरत नाही. हिरव्यावर झेंडूसारखा भडक पिवळा चढवला. तो मला दिसतो. लाकूड गुळगुळीत झालं का, हे मी डोळ्यांना विचारलंच नाही. आजोबा मागावर तुटलेला धागा बोटांनी शोधायचे आणि गप्पा आमच्याशी मारायचे. ती बोटं माझ्याकडे आली आहेत. टेबल मांडल्यापासून एकही कप पडला नाही. सरिताला विचार, ती माझी बाजू घेणाऱ्यातली नाही.

पुढच्या रविवारी तू मला न्यायला गाडी घेऊन येणार. पुण्यात माझ्यासाठी खोली आवरून ठेवलीस. तुझा जीव तुटतो, ते कळतं मला.

पण मी येणार नाही.

इथे दारापासून नळापर्यंतची वाट माझ्या पायांना पाठ आहे. तिथे मी दिवसभर सोफ्यावर पाहुण्यासारखा बसून राहीन, आणि कोणी उठवलं की उठेन. गॅस काढून विजेची शेगडी घे म्हणतेस, ते ऐकतो. दुपारी सरिता डोकावून जाईल, तेही कबूल. घर मात्र सोडणार नाही.

तू ये नक्की. टेबलाची खालची फळी मी कोरी ठेवली आहे, ती तू रंगव. ब्रश धुऊन ठेवलाय. रंग तुझ्या आवडीचा आण. फक्त डबा उघडलास की तो कोणता आहे ते मला सांग, खरं खरं. मीही आता तसंच सांगत जाईन.

तांडापेठेतच राहणारा,
तुझा बाबा