भाऱ्याशिवाय

हंसाचे बाबा,

काल डोंगर चढायला आलेले पाहुणे तंबू घेऊन दारात आले आणि तुम्ही अल्मोड्याहून परतलाच नव्हता. कुठे होतात ते विचारत नाही. तुमच्याऐवजी वाट दाखवायला मीच गेले.

रोज गवताचा भारा डोक्यावर घेऊन त्याच वाटेनं उतरते, नजर सगळी पायाखाली. काल रिकाम्या डोक्यानं माथ्यावर पोचले, तर समोर बर्फाचं अख्खं शिखर, नंदादेवी! आपण तिला घरची लेक म्हणतो, आणि मी तिला आजवर धड पाहिलीच नव्हती हो. पाहुणे म्हणाले, "दीदी, चला ना पुढे." म्हटलं, "थांबा जरा."

कुळथाची डाळ झाकून ठेवलीय. पाहुण्यांना पुढच्या गावालाही मीच नेतेय. म्हशीचं गवत तुम्ही आणा. भारा उचलण्याआधी एकदा वर बघा.

गोविंदी