गोळ्याला मागची बाजू नसते

आये, ती रविवारी तुला भेटायला येते म्हणते. मुरबाडला उतरून धसईची गाडी कुठं लागते, तेसुद्धा विचारून झालंय. आईंना काय आणू, म्हणाली, तर माझ्या तोंडून पटकन गेलं, "काही नको, पानं आण चांगली." तू जाऊन माझं अर्धं वय झालं, आणि तू नाहीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. सर वर्गात काहीतरी लागट बोलले, मी बाक लाथाडला नि बाहेर पडलो. तू असतीस तर कानाखाली एक ठेवून परत पाठवलं असतंस. मग मुंबईत, कार्यक्रमांना मोठे पडदे उभारून देणाऱ्यांकडे लागलो. यंदा मात्र पडदाच नाही, गोळा आहे. दोन पुरुष उंच, दुधी रंगाचा, आतून पोकळ. प्रोजेक्टर खाली लपवायचा, त्याला माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग, आणि चित्र गोळ्याच्या आतल्या अंगाला सगळीकडं फेकायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, गोळाच जिवंत झालाय. टीव्हीवर थेट जाणारा नाचगाण्याचा कार्यक्रम, मधोमध हा गोळा, भोवती नाचणाऱ्या पोरी. त्यातली एक शहापूरची. तीच ही.

पहिल्या चाचणीला निवेदकाचा चेहरा गोळ्यावर आला आणि खालची अक्षरं सगळी उलटी. आतून टाकायचं चित्र आधी पलटवून घ्यावं लागतं, ते राहिलं होतं. "अरे, त्याचा माइक डाव्या हातात कसा गेला?" साहेब ओरडले. मला हसूच फुटलं. "हसतोस काय रे? सरळ कर आधी!" ती स्टेजच्या कडेला पायाला पट्टी बांधत बसली होती. "एवढं काय झालं हसायला?" म्हणाली. मी म्हटलं, "माझ्या आयेला हेच सरळ वाटतं." वाटायचं म्हणायला हवं होतं. जीभ वळलीच नाही.

धसईच्या बाजाराच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला आहे. पडद्याच्या पुढच्या अंगाला पुरुष, मागच्या अंगाला बायका. तू गोणपाटावर बसलीयेस, मी तुझ्या मांडीला टेकून. डाव्या हातानं लिहितो म्हणून मास्तरांनी दिवसा पट्टी मारलेली, बोटं सुजलीयेत. पडद्यावर हिरो गुंडाला हाणतो आणि तू माझा तोच हात धरून म्हणतेस, "बघ रे, डावऱ्या हातानं मारतो. समदे हिरो डावरेच असतात. तुझ्या मास्तरला काय कळतंय?" मागून बघितलं की उजवं ते डावं दिसतं, हे मला कुठं ठाऊक. पुढं कितीतरी पट्ट्या मी त्या एका वाक्यावर खाल्ल्या. मार खाताना मनात म्हणायचो, मी हिरो आहे.

मग मामाच्या लग्नाचा बस्ता काढायला आपण शहापूरला गेलो आणि पहिल्यांदा थेटरात खुर्चीवर बसलो. हिरोनं उजव्या हातानं ठोसा मारला. मी तुझ्याकडं बघितलं. तू मोठ्यानं म्हणालीस, "आज उलटा लावलाय शिनेमा!" पुढची रांग खो खो हसली. मामा म्हणाला, "ताय, गप बस गो, लाज काढशील." तुला लाजबीज काही वाटली नाय, तू माझा हात दाबलास. एवढंच विचारायचं होतं गो, तुला खरंच तसं वाटलं, की माझ्यासाठी बोललीस? विचारायची अक्कल यायच्या आत काविळीनं तुला नेलं.

हे सगळं मी तिला सांगितलं, शेवटचं सोडून. तेव्हापासून तालमीला आली की तिचं पहिलं विचारणं, "आई कशी आहे?" मी म्हणायचो, "बरी आहे. भात झोडून दमलीय." कधी, "वैशाखऱ्याला गेलीय, मामाकडं." तुझे गुडघे दुखायला लावले मी, केस पिकवले. तू कधी न बोललेलं तुझ्या तोंडी घातलं, आणि ती हसली की मला वाटायचं, तूच हसवलंस.

परवा वाहिनीचा माणूस विचारत होता, गोळ्याची पुढची बाजू कुठली, पाहुण्यांच्या खुर्च्या तिकडं मांडतो. साहेब म्हणाले, "चारी बाजू पुढच्याच. ह्याला मागची बाजू नसते." म्हणजे तुला कुठंही बसवता आलं असतं, पुरुषांच्याही पुढं. सगळं सरळ दिसलं असतं तुला. पण मग माझ्यासाठी तू डावरा हिरो कुठून आणला असतास?

आज तालीम सुटली की तिला सांगायचं आहे. हे लिहिलेलंच तिच्या हातात द्यावं असं मनात आलं होतं, पण नको, तोंडानंच सांगतो. ती चिडेल, माझ्यासारखीच तापट आहे. रविवारी येणार नाही, कदाचित पुन्हा बोलणारही नाही. त्याची भीती आहेच. पण खरं सांगू? एकदा सांगितलं की "आई कशी आहे" असं मला कुणी विचारणार नाही. म्हणून आज तिनं आल्या आल्या विचारलं, तर आधी मी म्हणणार आहे, "बरी आहे." मग सांगीन.