बेस कॅम्पची जबाबदारी

३ एप्रिल, शुक्रवार

ठरलं. ईदच्या सुट्टीत जॉर्जिया. काझबेगी म्हणून डोंगरातलं छोटंसं गाव आहे, तिथे पाच दिवस मुक्काम. मोठी चढाई शुक्रवारी: गावातून वरच्या चर्चपर्यंत आणि तिथून पुढे हिमनदीपर्यंत.

दोह्यातला प्रत्येक मराठी माणूस एकदा जॉर्जियाला जातो, केबल कारमध्ये बसतो, कानटोपी घालून फोटो काढतो आणि परत येऊन वर्षभर डोंगराबद्दल बोलतो. कीव येते. आम्ही चालत जाणार.

आम्ही म्हणजे मी, मालविका आणि ईरा. ईराची बारावी झाली, ऑगस्टमध्ये शिकायला नेदरलँड्सला जाईल. जाण्याआधी काय हवं असं विचारलं, तर फोनमधून मान वर न काढता म्हणाली, 'समव्हेअर हाय. विथ यू, बाबा. ऑन फूट.' मराठी सगळं समजतं, बोलत मात्र नाही. पण बापाची पारख आहे.

मालविका म्हणाली, कतारमध्ये स्पीड ब्रेकरपेक्षा उंच काही नाही, आणि तोही तू गाडीतून चढतोस. तिला डोंगरातलं कळत नाही.

४ एप्रिल

मालविकाने परस्पर सुशांतलाही जॉर्जियाला बोलावलं. आमच्या ऑफिसात आयटीला आहे, दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर, मूळचा जुन्नरचा. गिर्यारोहणाचा कोर्स केलाय म्हणे. अंगात नसतं त्याला कोर्स करावा लागतो.

मी कोर्स केला नाही. अठ्ठ्याण्णव साली कॉलेजच्या ग्रुपबरोबर सरळ अलंगला गेलो. दोर लावून चढायचा किल्ला. ईरा चार वर्षांची असल्यापासून ती गोष्ट ऐकत आलीय.

फक्त नोंदीसाठी: त्या मोहिमेत पायथ्याच्या आंबेवाडीत बेस कॅम्पची जबाबदारी माझ्याकडे होती. निघताना लीडर म्हणाला, "प्रताप, तू बॅगा सांभाळ." अकरा जणांतून त्याने मलाच निवडलं. बेस कॅम्प नसता तर वरचे वर गेलेच नसते. मोहीम यशस्वी झाली ती माझ्यामुळे, म्हणजे मी अलंग केला. एवढं सगळं चार वर्षांच्या मुलीला समजावणं अवघड होतं, म्हणून थोडक्यात सांगितलं होतं. पुढे तेच राहिलं.

६ एप्रिल, सोमवार

ट्रेनिंग सुरू. लुसैलला आमचं ऑफिस बाविसाव्या मजल्यावर आहे. फायर एक्झिटचा जिना कोणी वापरत नाही. रोज लंच ब्रेकमध्ये बावीस मजले.

दुपारी १:१०. नवव्या मजल्यावर वेग तपासण्यासाठी थांबलो. पुढचं लिफ्टने करावं म्हणून दार ढकललं. उघडेना. आठव्याचंही उघडेना. ही दारं म्हणे जिन्याच्या बाजूने उघडतच नाहीत. इमारत बांधणाऱ्याला अक्कल नाही. सिक्युरिटीला फोन केला.

जाफर नावाचा गार्ड किल्ली घेऊन आला. आठ मजले चढून आला आणि धापसुद्धा टाकत नव्हता, म्हणजे कुठून तरी लिफ्ट वापरली असणार. म्हणाला, साहेब, हा जिना उतरण्यासाठी आहे, चढायला लिफ्ट आहे. गार्ड आहे, पण मुद्द्याचं बोलला.

७ एप्रिल

विचार केला. गिर्यारोहणात सर्वांत अवघड काय? उतरणं. बहुतेक अपघात उतरतानाच होतात. चढणं काय, कोणीही चढतं. तेव्हा सुधारित योजना: वर लिफ्टने, खाली जिन्याने. बावीस मजले म्हणजे ८८ मीटर. एक्सेल शीट केलं. आज ८८.

जाफरला अलंगबद्दल सांगितलं, कडा किती उभा असतो वगैरे. त्याचं गाव पाकिस्तानात, स्कार्दूच्याही वर कुठेतरी. म्हणाला, लहानपणी शाळेत जाताना दोन डोंगर लागायचे. शाळेची वाट आणि गिर्यारोहण यांतला फरक या लोकांना कोण समजावणार.

१२ एप्रिल

खरेदी. बूट, काठ्या, गॉगल, पन्नास लिटरची सॅक, तीस मीटर दोर. दुकानातल्या मुलीने दोर कशासाठी असं विचारलं नाही. प्रोफेशनल.

घरी सोफ्याच्या पायाला दोर बांधून ईराला गाठी दाखवल्या. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, 'बाबा, व्हॉट डिड यू सी फ्रॉम द टॉप? ऑफ अलंग?' मी म्हटलं, शब्दांत सांगता येत नाही. गाठ सुटली. सोफा खराब आहे.

१९ एप्रिल

आजपासून सॅकमध्ये दहा किलो तांदूळ. वजन घेऊनच जिना उतरायचा. खांदे गेले. संध्याकाळी मालविकाने पाठीला तेल लावून दिलं आणि दर दोन मिनिटांनी हसली.

शिवाय बेडरूमचा एसी सोळावर. थंडीची सवय. मालविका उशी घेऊन ईराच्या खोलीत झोपायला गेली. मोहिमेत अशी माणसं गळतातच.

२३ एप्रिल

सुशांत रोज पहाटे समुद्रकाठच्या कॉर्निशवर दहा किलोमीटर पळतो. सपाटीवर पळून डोंगर चढता आला असता तर उंट एव्हरेस्टवर असते.

सर्दी. एसी बंद. जिन्याचे तीन दिवस बुडाले, पण ते गृहीत धरून शीटमध्ये भरले.

१ मे, शुक्रवार

मंडळाचा महाराष्ट्र दिन. 'सह्याद्रीतील चढाई' या विषयावर बोललो. दहा मिनिटं दिली होती, मी पस्तीस घेतली. आंबेवाडीची पहाट, चुलीवरचा काळा चहा, कोंबड्या, विहीर, सगळं डोळ्यांपुढे उभं केलं. मग सुशांतने उगाच विचारलं, सर, अलंग शेजारच्या मदन किल्ल्याकडून केलात की घाटघरकडून? मी म्हटलं, परिस्थिती पाहून. तो म्हणाला, अच्छा. या मुलांना ऐकण्याची सवय नाही.

ईरा शेवटच्या रांगेत होती. टाळ्या तिनेच सुरू केल्या.

मसालेभात मालविकाने केला. घरातला तांदूळ पुरला म्हणाली, आणायला जावं लागलं नाही.

३ मे

सॅक आश्चर्यकारक हलकी वाटली. दोनच आठवड्यांत हा फरक. शरीर ऐकतं, सांगणारा पाहिजे. जाफरलाही सांगितलं. त्याने सॅक एका बोटावर उचलून पाहिली आणि म्हणाला, माशाल्ला.

८ मे, शुक्रवार

दुपारी प्रिंटर दुरुस्त करत असताना ईराचा प्रवेशासाठी लिहिलेला निबंध सापडला. इंग्रजीत आहे. माझ्यावर. तिने सांगितलं नव्हतं, तरी वाचला, कारण तो माझ्यावरच आहे.

लिहिलंय: माझ्या वडिलांनी मला लहानपणापासून एका किल्ल्याची गोष्ट सांगितली. पायथ्याच्या गावातली प्रत्येक कोंबडी मला ओळखू येईल. चहा देणाऱ्या आजीच्या हातातली हिरवी बांगडी मला दिसते. किल्ल्याच्या माथ्याबद्दल मात्र त्यांनी मला आजवर एक वाक्यही सांगितलेलं नाही. मी कधी विचारायचं सोडलं नाही आणि त्यांनी गोष्ट सांगायचं सोडलं नाही. एकदा मला त्यांच्याबरोबर अशा ठिकाणी जायचं आहे, जिथून आम्हा दोघांनाही खाली पाहता येईल.

डोळे भरून आले. माझी वर्णनशक्ती तिच्या लक्षात आलीय आणि माथ्याबद्दल न बोलण्यातला विनयसुद्धा. मालविकाला वाचून दाखवला. ती म्हणाली, प्रताप, उद्यापासून खरंच चढ जिना. मी म्हटलं, जे जमतंय त्यात ढवळाढवळ नको.

१४ मे

मालविका पुन्हा जिन्याचं बोलली. उद्या नक्की. म्हणजे उद्या शुक्रवार, सुट्टी. रविवारी.

१७ मे, रविवार

हमद पोर्टला कंटेनर अडकले. दिवस फोनवर गेला. मोठ्या जबाबदाऱ्या असलेल्या माणसाने फिटनेस ठेवायचा कधी?

२५ मे, सोमवार

शेवटचा जिना. एकूण ३,०८० मीटर. यात गृहीत धरलेले चौदा दिवस आहेत. हिमनदीची कडा साधारण तीन हजार मीटरवर आहे. म्हणजे कागदोपत्री मी पोहोचून ऐंशी मीटर पुढे गेलोय.

सॅकमधला तांदूळ काढून ठेवायला गेलो. तळाशी वाटीभर निघाला. मालविका म्हणाली, इडल्या आवडल्या होत्या ना.

जाफरचा निरोप घेतला. म्हणाला, साहेब, वर जाताना हळू चाला आणि थांबलात तर लाजू नका. मी म्हटलं, मी थांबत नसतो.

२७ मे, काझबेगी

काल पोहोचलो. गाव छोटं: एक चौक, चार दुकानं, गायी, मोठमोठे मोकाट कुत्रे. समोर बर्फाचा डोंगर. फोटोत बरा दिसतो, प्रत्यक्षात जरा जास्तच उंच केलाय.

आज छोटी चढाई होती. मी गेलो नाही. नव्या हवेत पहिल्या दिवशी शरीराला विश्रांती द्यायची असते. चीज भरलेली पाव-होडी मागवली. दोन. बाकीचे तिघे सहा तासांनी परत आले, ईराचे गाल लाल. म्हणाली, 'बाबा, फ्रायडे यू आर कमिंग.' प्रश्न नव्हता.

२८ मे

नीनो नावाची गाइड भेटायला आली. पंचविशीतली, बूट झिजलेले, काठ्या नाहीत. माझा दोर पाहून विचारलं, गाय विकत घेणार आहात का? या वाटेवर दोर लागत नाही म्हणे. इथल्या गाइडची पातळी कळली.

तिचा नियम: दुपारी एक वाजता, असाल तिथून मागे फिरायचं. वर ढग येतात. आणि सगळ्यांनी सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने चालायचं. मी म्हटलं, चांगला नियम आहे, मालविकाला उपयोगी पडेल.

२९ मे, शुक्रवार

सकाळी ७:००. निघालो. मी सर्वांत पुढे.

७:२५. मी मध्यभागी. लीडरने मध्यभागी राहायचं असतं.

७:४०. वाट फारच उभी आहे. जिन्याला निदान कठडा असतो.

७:५०. मी मागे. पूर्ण ग्रुप नजरेसमोर राहतो.

८:०५. चर्चपर्यंत गाडीरस्ताही आहे. टॅक्सी वर चाललेली दिसली. सर्वांना म्हटलं, पुढे जाऊन परिस्थिती पाहतो.

८:२०. चर्च. इथवर सर्वांत आधी मी पोहोचलो. पन्नासेक पर्यटक टॅक्सीतून उतरून फोटो काढतायत. या लोकांची कीव येते.

९:१५. बाकीचे आले. उशीर केला, मी म्हटलं. नीनोने टॅक्सीकडे पाहिलं आणि चालायला लागली.

१०:३०. चर्चच्या मागचं गवताळ पठार पार केलं. खरा चढ आता सुरू. वीस पावलं, थांबा. वीस पावलं, थांबा. मग पंधरा. सुशांत माझी सॅक मागतोय. दिली नाही. मग दिली.

११:१०. बसलो. गुडघे आहेत, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी. नीनोने घड्याळ पाहिलं. मालविकाला बाजूला घेऊन काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं. या वेगाने एक वाजेपर्यंत हिमनदी दिसणारही नाही. सगळ्यांनाच इथून मागे फिरावं लागेल, नाहीतर कोणाला तरी इथे थांबावं लागेल.

मी म्हणणार होतो की पाच मिनिटं द्या. मग मी म्हणणार होतो की तुम्ही व्हा पुढे. तोंड दोन्हीसाठी उघडलं.

ईरा वर बघत होती. मग माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. माझ्या बुटाची नाडी सुटली होती, ती तिने बांधली. जड सामानाच्या तीन सॅक माझ्याशेजारी ओळीने ठेवल्या. थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्या हातात दिला.

आणि मराठीत म्हणाली, "बाबा, तू बॅगा सांभाळ. मी जाऊन येते."

११:२०. ते गेले.

११:३५. वारा आहे. तिन्ही सॅक दोराने एकमेकींना बांधल्या. गाठ सुटली नाही.

१२:१०. एक कुत्रा येऊन बसला. याचा एक कान फाटलेला. समोर ओढ्यापलीकडे दोन घोडे, एक पांढरा, एक तपकिरी, पुढच्या पायावर पट्टा. चर्चची घंटा दोनदा वाजली. दगडांत निळी बारीक फुलं आहेत, पाच पाकळ्यांची. इथलं सगळं नीट पाहून ठेवतोय.

१२:५०. वर चार ठिपके. लाल जॅकेट म्हणजे ईरा. सर्वांत पुढे. मग कडेपलीकडे गेली.

३:१५. आले. ईराने दहा मिनिटं न थांबता सांगितलं: बर्फाला निळ्या भेगा आहेत, आतून पाणी वाहतं त्याचा आवाज येतो, खाली गाव मुठीएवढं दिसतं, आणि मी बसलो होतो तो दगडही तिने शोधून काढला. हात केला होता म्हणे.

मी म्हटलं, हो, वर अगदी असंच असतं.

ती म्हणाली, 'आय नो, बाबा.'

६:४०, हॉटेल. उतरताना पूर्ण वेळ मी सर्वांत पुढे होतो. पाय जराही दुखले नाहीत. कोणाच्या लक्षात आलं नाही.

बॅगा तीन. तिन्ही आणल्या.