बांकुड्याचे नामवंत आणि नववे पदक

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे. सांगलीच्या एका दवाखान्यात खाट क्रमांक ६ वर बसून मी तीन चेंडूंच्या नळीतून श्वास ओढत होतो. दोन चेंडू वर गेले, तिसरा जागचा हलला नाही. नळी बाजूला ठेवली आणि हा कागद घेतला. उद्या सकाळी माझ्या उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढणार आहेत.

मी जयराज कृष्णात मुळीक, वय २९, शिक्षण नववी नापास, धंदा गलाई, म्हणजे जुने सोने-चांदी आटवून शुद्ध करणे, राहणार तालुका तासगाव, असे लिहून ठेवतो की माझे शरीर आजारी आहे, डोके नाही. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट शेजारच्या खाटेवरचे निवृत्त हवालदार नारायण साळुंखे सकाळपासून म्हणताहेत, "लय नीट लिवतोस रं गड्या. मरायची एवढी तयारी, जरा जगायची बी कर की." खाडाखोड एका ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

१. गावातले दोन खोल्यांचे घर मागच्या मोकळ्या जागेसह पत्नी रेश्मा हिला. आई बनुबाई हिला तिच्या हयातीत पुढच्या खोलीतून कोणी उठवू नये. दोघींचे पटत नाही. चूल वेगळी मांडली तरी चालेल, पण नळ एकच आहे, त्यावरून भांडू नये.

२. बँकेत जे काही उरले असेल ते रेश्माला. पासबुक माझ्या पत्र्याच्या पेटीत, निळ्या पिशवीत आहे.

३. माझी हत्यारे, म्हणजे तराजू, चिमटे आणि वडिलांचा कसोटीचा दगड, चुलतभाऊ वीरधवल याला देऊ नयेत. त्याने माझे चिमटे दोनदा नेले आणि दोन्ही वेळा कणसे भाजली. त्याला मोबाइलचा चार्जर द्यावा. तो मुळात त्याचाच आहे, असे तो चारचौघांत सांगतो.

४. पेटीत एक जाड बंगाली पुस्तक आहे. बंगालमधल्या ज्या बांकुडा शहरात मी तेरा वर्षे काम केले, तिथल्या एका उत्सव समितीने ते छापले. जिल्ह्यातील नामवंत व्यक्तींची माहिती आहे, फोटोसह. पान ८७ वर आमचे मालक लालासाहेब आहेत, 'महाराष्ट्रातून येऊन बांकुड्याची तहान भागवणारे दानशूर'. दुकानाबाहेर त्यांनी पाण्याची टाकी बसवली हे खरे आहे. तिच्यात पाणी उद्घाटनाच्या दिवशी होते. हे पुस्तक त्यांना परत द्यावे. त्यांच्याकडे चाळीस प्रती आहेत, एक्केचाळिसावी जड होणार नाही.

बाकीच्या नामवंतांविषयी मला जे माहीत आहे ते पुस्तकात नाही. लोकांनी त्यांना व्यासपीठावर पाहिले, मी मागच्या दाराने पाहिले. मोडायला आणलेली पदके माझ्या हातून गेली. नाटकवाल्याचे सुवर्णपदक पितळी निघाले, तेव्हा तो माझ्यावरच ओरडला. गरिबांच्या डॉक्टरने गाडी दोन गल्ल्या अलीकडे उभी केली आणि टोपी डोळ्यांवर ओढून आला; त्याचे पदक म्हणजे नुसता पत्रा होता. कवीच्या पदकाला मुलामा आमच्याच गल्लीत चढवलेला होता, आणि बिल कवीच्याच नावावर होते. अशी आठ पदके मी पाहिली. एकातही गुंजभर सोने नव्हते. मोठ्या माणसांविषयी मला जे वाटते ते तिथे शिकलो.

५. आता पदकाचे कलम. हा कागद त्यासाठीच आहे.

२०२३ च्या जूनमध्ये नीहारकणा मंडल नावाच्या एक वृद्ध शिक्षिका दुकानात आल्या. बहिणीच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पहिल्या आल्याचे पदक त्यांनी रुमालातून काढले. दुकानात गर्दी होती. पदकाच्या तोंडावर ओरखडा पडला की गिऱ्हाईक कांगावा करते, म्हणून आमच्याकडे फक्त वरची कडी कसोटीवर घासायची पद्धत आहे. मी कडी घासली, रेघेवर तेजाब, म्हणजे आम्ल, लावला. रेघ पांढरी पडली.

"चांदीवर सोन्याचं पाणी चढवलंय, मावशी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे हिंदीत म्हणालो.

"नीट बघितलंस ना, बाबा? मी पहिली आले होते."

"इथं येणारे सगळेच पहिले आलेले असतात."

एक सोनार मोठ्याने हसला. बाईंनी चांदीच्या भावाने दिलेल्या नोटा न मोजता पिशवीत टाकल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "पन्नास वर्षं मुलींना दाखवत आले."

संध्याकाळी आटवायच्या आधी मी पदकाची कड कानशीने घासली. आतपर्यंत पिवळे. जुनी कडी कधीतरी तुटली असणार आणि बाईंनी मुलामा दिलेली चांदीची बसवून घेतली असणार. हातात घेताना पदक जड लागले होते. पण आठ पदकांनी मला इतके शहाणे केले होते की मी हाताचे ऐकले नाही.

मालकांनी वरून विचारले, "काय रं, कसलं हाय?"

"चांदी."

"मग टाक की मुशीत."

मी पदक खिशात घातले आणि त्याऐवजी कंबरेचा चांदीचा करदोटा काढून मुशीत टाकला. तो पदकापेक्षा भारी होता. दुकानाचे एक ग्रॅमही गेलेले नाही, हे शपथेवर लिहितो.

पदक परत करायला मी तीन वेळा बाईंच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि तीन वेळा मागे फिरलो. पुढे तेजाबाच्या धुराने खोकला धरला, तो मला सोयीचा पडला. आजारपणाच्या नावाखाली गावी आलो. तिथे वीरधवलने पेटी उचकली आणि मालकांना फोन केला. रविवारी मालक केळी घेऊन खाटेजवळ आले. "पोरा, दुकानातलं सोनं दुकानात आलं पायजे. तू बरा हो, मी मागं लागत न्हाई. पण तुजं काय झालं, तर पेटी माज्यासमोर उघडायची." पान ८७ वरचा माणूस हे पदक त्याच रात्री आटवेल, आणि मी चोर म्हणून जाईन.

रेश्माचेही म्हणणे लिहितो. "माजं मंगळसूत्र मोडून हितं पैसे भरलेत, आन् पेटीत परक्या बाईचं सोनं. तिला तरी म्हाईत हाय का?"

"म्हाईत न्हाई, त्येच वाईट हाय," मी म्हणालो. त्यावर ती उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा पेटीची किल्ली तिच्या हातात होती.

म्हणून: पदक रेश्माने स्वतः नेऊन नीहारकणा मंडल यांच्या हातात द्यावे. पत्ता मागे लिहिला आहे. पोस्टाने पाठवू नये, मालकांच्या माणसाबरोबर तर नाहीच. चांदीचे दिलेले पैसे परत मागू नयेत. शेजारीपाजारी असतील तर बरेच, त्यांच्यासमोर मोठ्याने सांगावे की पदक अस्सल आहे, कारागिराने कडी घासली, पदक घासले नाही. मी मोठ्याने बोललो होतो.

६. कलम १ ते ४ माझ्या मृत्यूनंतर लागू होतील. कलम ५ मी जगलो तरी लागू आहे.

हे वाचून दाखवल्यावर हवालदार उठून बसले. "जित्त्यापणी लागू व्हणारं मृत्युपत्र आसतं व्हय रं कुटं?"

नसेल. पण जगलो तर मी चौथ्यांदाही गल्लीच्या तोंडावरूनच परत येईन. बांकुड्यातल्या आठ नामवंतांना मी ओळखून होतो, तसा स्वतःलाही ओळखून आहे.

वरील मजकूर मीच लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण सांगली, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी सहा.

(सही) जयराज कृष्णात मुळीक

साक्षीदार १: नारायण साळुंखे, निवृत्त हवालदार, आष्टा. माझ्यादेखत सही केली. डोकं ठिकाणावर होतं.

साक्षीदार २: शकुंतला कोरे, परिचारिका. माझ्यासमोर सही केली. रुग्णाने आता झोपावे.

पेटीतलं पदक मी काढून घेतलंय. आधी तुमचं ऑपरेशन होऊ दे, मग जाते. मोठ्यानं सांगीन. (सही) रेश्मा